बाजेवरून दिसेल एवढी

बायको गेली, तिच्या दहाव्याला माझा पुतण्या चार माणसांत बोलला, "काकानं माशाच्या पेटीपायी घर फोडलं." मला ऐकू येत नाही असं त्याला वाटतं. येतं. तिथं मी गप्प राहिलो, कारण पिंडाला कावळा शिवायचा होता आणि तिचं काम आधी उरकायचं होतं. आता बोलतो. लिहूनच ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातलीही निम्मी निजामाच्या वेळची उर्दूत गेली. चुकलंमाकलं तर चुकू दे.

घरी बसायला येणारे लोकही एकच शब्द घेऊन येतात. बिचारी. बिचारी लई सोसून गेली. मी सांगतो, तिला बिचारी म्हणू नका, चहा घ्या आणि जा. जिवंत असताना तिला काय पाहिजे हे कुणी विचारलं नाही, आणि आता डोळ्याला पदर लावून येतात.

आमचं घर मुरूम गावातलं. माळवदाचं, पुढं बैठक, मध्ये माजघर, मागं परसात आड. घरात आई, थोरला भाऊ, वहिनी आणि आम्ही दोघं. माझा धंदा पत्र्याच्या पेट्या करायचा. लग्नातल्या ट्रंका, धान्याचे डबे, जे मागतील ते. हैदराबाद सरकार जाऊन मुंबई सरकार आलं होतं आणि मग त्याचं महाराष्ट्र झालं, त्या सुमाराची गोष्ट. गावात वीज नवी आली होती. आमच्या घरी एकच दिवा लागला, तो बैठकीत. थोरल्याला पुढारीपणाचा नाद होता. चार लोक येऊन बसले की त्याला दिवा पाहिजे, खुर्ची पाहिजे, पान थुंकायला तस्त पाहिजे. माजघरात चिमणीच.

बायको आडावर घसरून पडली आणि तिची कंबर गेली. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, हाड बसेल तसं बसेल, उभं राहायचं विसरा. हे ऐकायच्या आधीची गोष्ट सांगतो. तिला चाकाच्या खाटेवर घालून डॉक्टरच्या खोलीबाहेर ठेवली होती. ती कण्हत होती. भिंतीला लागून एक काचेची पेटी होती, आत पाणी आणि मासे. खाट त्या पेटीजवळ लावली आणि ती कण्हायची थांबली. मला वाटलं, शुद्ध हरपली. वाकून बघतो तर डोळे सताड उघडे.

"आवं," ती म्हणाली, "पानी असं बाजूनं कधी बघितलंच न्हाय म्या."

खरं होतं. बाईमाणूस पाणी बघतं ते वरून. आडात वाकून, घागरीत वाकून, ओढ्यावर धुणं धुताना वाकून. आता तिचं वाकणं संपलं होतं. परत येताना ती म्हणाली, असली एक पेटी करा मला. दुसरं काही मागितलं नाही. लग्न झाल्यापासून तिनं तोंड उघडून मागितलेली ती पहिली वस्तू.

मी केली. ट्रंका करणाऱ्याला त्यात अवघड काय. लोखंडी पट्टीचा सांगाडा केला, काचा सोलापुराहून गोधडीत गुंडाळून एस.टी.नं मांडीवर आणल्या, लुकण, म्हणजे काचेचा मसाला, लावून त्या सांगाड्यात बसवल्या. अंगणात पाणी भरून बघितलं. दोनदा गळाली, दोनदा काढून बसवली. मी आडाचं पाणी शेंदत असताना वहिनी मोठ्यानं म्हणायची, "मानसाला प्यायला न्हाय आन् मास्यांला आंघोळ." मी म्हणालो, "वैनी, शेंदतोय मीच. तुमच्या हाताला फोड आला का?" तेवढ्यावर ती थोरल्याकडं रडत गेली.

आता खरा प्रश्न होता पेटी जिच्यावर ठेवायची त्या घडवंचीचा आणि वरच्या झाकणाचा. पेटी कुठल्याही उंचीवर ठेवली तरी पाणी तेच, मासे तेच. पण बघणारा बसतो कुठं, उभा राहतो की निजतो, त्यावर सगळं असतं. दवाखान्यातली पेटी खुर्चीवर बसणाऱ्यासाठी होती, आणि चाकाची खाट उंच म्हणून तिला दिसली. आमची बाज बुटकी. त्यावर ती कुशीवर निजली की तिचा डोळा जमिनीपासून अडीच वितींवर यायचा. म्हणजे पेटीचं पोट तिथं आलं पाहिजे.

मी त्या पेटीच्याच मापाची एक ट्रंक घेतली, बाजेशेजारी विटांवर ठेवली आणि तिला विचारलं.

"दिसतंय का?"

"बूड दिसतंय. खाली घ्या."

वीट काढली.

"आनखी."

आणखी काढली. असं करत करत ट्रंकेचा मधला खिळा तिच्या डोळ्यासमोर आला. मग ती म्हणाली, "आता मासं माझ्या तोंडासमोरनं जातील." खालची उंची झाली दीड वीत आणि दोन बोटं. दोन बोटांवरून तिनं मला तीनदा वीट सरकवायला लावली. लोक म्हणतात आजारी माणसाला काही कळत नाही. तिला सगळं कळत होतं.

झाकणाचं त्याहून नाजूक होतं. झाकण म्हणजे नुसती फळी नसते, ते पेटीवर ठेवलेलं उलटं खोकं असतं, त्याच्या आत दिवा बसतो. बैठकीतून तार आत ओढायचा माझा विचार होता. खोकं उंच केलं तर पाण्यावर उजेड चांगला पसरतो, पण निजलेल्या माणसाच्या डोळ्यात दिवा खालून सरळ घुसतो. उभ्या माणसाला ते कळतच नाही, त्याला वरची फळी दिसते. म्हणून समोरची पट्टी खाली आणायची, दिवा झाकेल इतकी. पण फार खाली आणली तर पाण्याची वरची रेघ झाकली जाते, आणि तिला ती रेघच पाहिजे होती. शिवाय तिचं म्हणणं, खाणं मी टाकणार. बाजेवर निजून हात वर केला तर तो ट्रंकेच्या वर वीतभर जायचा, त्याहून जास्त नाही. म्हणजे झाकण वीतभराच्या आत, आणि तिच्या बाजूला वर उघडणारी एक झडप.

हे सगळं मी बांबूच्या कामठीवर चाकूनं खाचा करून घेतलं. पेटीचा तळ, तिचा डोळा, पाण्याची रेघ, तिच्या हाताची पोच. कामठी मिस्त्रीच्या हातात दिली आणि म्हटलं, ह्याच्या बाहेर एक बोट जायचं नाही. मिस्त्री चांगला माणूस, पिढीजात सुतार, आमच्या घराची दारंखिडक्या त्याच्या बापानं केलेली. "भाऊ, हुकूम," म्हणाला.

मासे मी जळकोटहून आणले, तिच्या माहेरच्या ओढ्यातले. थोरला म्हणत होता सोलापूरचे तांबडे आण. तिनं सांगितलं, रंगीत नकोत, धुणं धुताना पायाला चावायचे ते आणा. बोटाएवढे, चंदेरी, अंगावर काळी रेघ. दुधाच्या किटलीत पाणी घालून त्यात आणले. आमचं घर माळकरी, माझ्या गळ्यात तुळशीची माळ. बसमध्ये शेजारचा म्हातारा किटलीत डोकावला आणि म्हणाला, "पाव्हनं, माळ गळ्यात आन् मासं किटलीत? चिरायला इळी घरातच हाय का मागून घेनार?" सगळी बस हसली. मी सांगितलं, "खायला न्हाईत, बघायला हायेत." तो म्हणाला, "बघत बघतच सुरुवात होती."

घरी आलो तर आई उंबऱ्यात उभी. मासळीचा विटाळ घरात आणू नको म्हणाली. मी म्हटलं, आई, जिवंत आहेत, परातीत नाहीत. मग तिनं दुसरं काढलं. मासा हा देवाचा अवतार. म्हणे त्याला निजलेल्या माणसाच्या बरोबरीनं ठेवायचं? आणि तिचे पाय त्याच्याकडं होतील त्याचं काय? मी विचारलं, एकाच दमात तो विटाळ कसा आणि देव कसा? आई म्हणाली, "तू उलटं बोलू नगंस." आमच्या घरात प्रश्नाला हेच उत्तर होतं. मासे मी घंगाळात ठेवले आणि घंगाळ बाजेशेजारी. तिला त्यातले मासे दिसत नव्हते, पाण्याचा आवाज मात्र ऐकू यायचा. हात खाली सोडून ती पाण्यात बोटं घालायची.

मग मी ट्रंका घेऊन उमरग्याच्या बाजाराला गेलो. तिथं एका लग्नघरानं थांबवून घेतलं, परतायला आठ दिवस लागले. परतलो तेव्हा दुपार होती. बैठकीत चार माणसं, थोरला खुर्चीवर, आणि भिंतीला लागून माझी पेटी. माणसाच्या छातीला लागेल एवढ्या उंच घडवंचीवर. घडवंचीला वळणदार पाय. वर झाकण म्हणाल तर देव्हारा. मधोमध शिखर, शिखराला कळस, समोर वेलबुट्टीची कोरीव पट्टी. आत दिवा लावलेला, भर दुपारी. पाणी भरलेलं, मासे सोडलेले. एक जण म्हणत होता, "वा, कलेक्टरच्या बंगल्यात शोभंल." थोरला पान चघळत हसत होता.

मी सरळ माजघरात गेलो. दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं होतं. बाजेवरून त्या दारातून काय दिसतं ते मी बघितलं. घडवंचीचे पाय दिसत होते आणि फळीचं बूड. फळीच्या खाली सुतारानं रंगही दिला नव्हता.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसतंय की," ती म्हणाली. "चार पाय दिसत्यात. आत घोडं बांधलंय का वं?"

मी खाली बसलो. ती पुढं म्हणाली, "सकाळपास्नं ऐकतेय. हा म्हनतो, पळाला बघा, तो म्हनतो, वर आला बघा. मला वाटलं येऊन सांगतील कुनीतरी, कोन पळाला ते."

उठून थोरल्याला बाहेर बोलावलं. तो आला नाही, म्हणून बैठकीतच विचारलं. माप कुणी बदललं?

"म्या," तो म्हणाला. "तुझी कामठी बसायच्या पाटाची होती. चारचौघात ठिवायची वस्तू हाय ती. दिवा बैठकीत हाय, मांजर खाली फिरतंय, आन् आईचं बी म्हननं हाय देव खाली नगं."

"ती कशी बघंल?"

"तिला काय, सणासुदीला आनू की उचलून. मानसं नसली मंजी."

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. माणसं नसली म्हणजे. म्हणजे बैठकीत परका पुरुष नसेल तेव्हा, दिवाळी-पाडव्याला, दोघांनी धरून, गाठोड्यासारखी. तिच्यासाठी केलेली वस्तू बघायला तिनं सणाची वाट बघायची. आणि तो हे चांगुलपणानं बोलत होता, हा त्यातला सगळ्यात मोठा संताप. त्याला वाटलं त्यानं तोडगा दिला.

मिस्त्रीकडं गेलो. तो रंधा खाली ठेवून उभा राहिला. त्याला माहीत होतं मी येणार.

"भाऊ, कामठी म्या थोरल्यांना दावली," तो म्हणाला. "ते म्हनले, ऱ्हाऊ दे, म्या सांगतो तसं कर. पान-सुपारी त्येंच्या हातची खाल्ली म्या. मापाचा मालिक तेच."

आमच्याकडं ही रीत होती. सुतार लाकडाला पहिला हात लावायच्या आधी घरातला कर्ता त्याला पान-सुपारी देतो, आणि ज्याच्या हातचं पान, त्याचं माप. लाकूड माझं, पेटी माझी, बघणारी माझी बायको. पण पान द्यायचा मान थोरल्याचा, कारण तो आधी जन्मला. मी मिस्त्रीला म्हटलं, "तुमाला दिसलं न्हाय का, ती बाज किती उंच हाय?" तो म्हणाला, "दिसलं. पर तुमी दोगं भाऊ. म्या मदी बोललो असतो तर तुमी दोगं बी मला म्हनले असता, ह्याला काय करायचंय." त्याच्यावर मला राग धरता आला नाही, आणि त्याचाही राग आला.

"आरी द्या," मी म्हणालो.

त्यानं दिली. बारीक दाताची, नवी धार केलेली.

घरी येऊन आधी तिला विचारलं. वाद होईल म्हटलं, आई बोलेल, थोरला बोलेल, चूलही मोडेल. तुला पेटी नको असेल तर तसं सांग.  ती म्हणाली, "पेटी मोडून टाकली तरी चालंल. पर उचलून न्यायचं न्हाय मला. बाजेवर हाय म्हनून काय म्या सामान न्हाय."

बैठकीतली माणसं अजून बसलेलीच होती. मी घंगाळ आणि घागरी नेऊन ठेवल्या. झाकण उचललं, दिवा काढला आणि तांब्यानं पाणी उपसायला लागलो. मासे ओंजळीनं घंगाळात. थोरल्याला आधी वाटलं, पाणी बदलतोय. "आता कशाला?" म्हणाला. मी पेटी उतरवून खाली ठेवली, घडवंची आडवी पाडली आणि पायावर आरी लावली.

थोरला उठला. "हात लावायचा न्हाय," म्हणाला. "लोकं बसल्यात."

"बसू द्या. त्येंना बी दिसू द्या माप कुनाचं होतं."

"ह्या घरात म्या सांगीन ते व्हतंय."

"व्हय ना. बघा, व्हतंय."

पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो, घरातली गोष्ट हाय," आणि चपला शोधायला लागला. दुसरा मात्र शेवटपर्यंत बसून राहिला. त्याला बघायचं होतं. सागवान होतं, आरी आवाज करत होती. आई आतून आली आणि म्हणाली, बायकोपायी देवाची घडवंची कापतोस. मी म्हटलं, देव पाण्यात असतो ना, मग लाकडाला कापलं तर त्याला काय लागतं. ती कपाळावर हात मारून खाली बसली. वहिनी दाराआडून बघत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण ओरडली नाही.

चारही पाय कापले. मग झाकण. माजघरात वीज नव्हती आणि थोरला तार ओढू देणार नव्हता, हे मला कळत होतं. म्हणजे दिवा नाही. दिवा नाही म्हणजे उंच खोकं कशाला? शिखर कापलं, कळस त्याच्यासोबत गेला, वेलबुट्टीची पट्टी उपटली. वरची फळी काढून टाकली. चार बोटं उंचीची नुसती चौकट ठेवली आणि तिच्यावर पिठाच्या चाळणीसारखी तारेची जाळी ठोकली, मांजरासाठी. माजघराच्या माळवदाला सानं होतं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. दुपारी त्यातून उन्हाचा खांब खाली उतरायचा. बाज थोडी सरकवली, पेटी त्या उन्हाच्या कडेला घेतली. पाणी थेट उन्हात नको, तापलं असतं. कडेचा उजेड पुरला. दिव्यापेक्षा बरा निघाला तो.

आईनं पुन्हा तिचे पाय देवाकडं होतील हे काढलं. मी म्हटलं, पेटी बाजेच्या कुशीला आहे, पाय दाराकडं आहेत. दाराला कुठला देव आहे सांगा म्हणजे दारही काढतो.

पाणी भरलं, मासे सोडले, आणि मी तिच्या उशाशी जाऊन उभा राहिलो. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "दोन बोटं खाली झाली."

रागात कापली होती. मी म्हटलं, आता कुठं चिकटवू?

"म्या बाजूनं बघतेय का? वरनं बघतेय. पुना आडात बघितल्यावानी. वर घ्या."

पुन्हा पाणी उपसलं, पुन्हा मासे घंगाळात. परसात शहाबादी फरशीचे तुकडे पडले होते ते आणून पायांखाली घातले. एका पायाखालचा तुकडा जाड निघाला, पाणी एका बाजूला चढलं, तेही तिनंच निजल्या जागेवरून सांगितलं. तो पातळ केला. पुन्हा भरलं. एवढ्या वेळात कोणी मदतीला आलं नाही. वहिनी मात्र एक घागर आणून ठेवून गेली.

तिनं कुशीवर होऊन बघितलं. एक मासा तिच्या नाकासमोरून गेला, परत आला. तिनं हात वर केला, जाळीच्या कोपऱ्यातली झडप उचलली आणि भाकरीचा चुरा टाकला. हात बरोबर पोचला, ताणावा लागला नाही.

"ह्यो एक डाव्या पंखानं लंगडा हाय," ती म्हणाली. "तुमी आणलाच कसा?"

"किटलीत लंगडा दिसत नव्हता."

"वरनं कुटं दिसतंय काय."

संध्याकाळी थोरल्यानं चूल वेगळी केली. म्हणाला, ज्याला आपल्या मापानं राहायचं त्यानं आपल्या मापानं रांधावं. घर असं फुटलं. माझी आरी घडवंचीच्या पायांवर चालली होती, एकत्र चुलीवर नाही. चूल त्यानं मोडली. हे पुतण्यानं वाचावं, आणि नाही वाचलं तरी माझं काही अडत नाही.

मी माजघराच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले आणि पिठलं केलं, जन्मात पहिल्यांदा. करपलं. ताट बाजेवर ठेवलं तर ती काचेवरून नजर हलवेना, घास आंधळ्यासारखा चाचपडत घ्यायला लागली. शेवटी मी ताट उचलून तिच्या तोंडाच्या आणि काचेच्या मध्ये, खालच्या बाजूला, तिच्या बघण्याच्या आड येणार नाही असं धरलं. "मीठ न्हाय," ती म्हणाली, आणि खात राहिली.